तीन डिस्क, २.४ टेराबाइट आणि मधेच अडकणारा अपलोड

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन बाहेरच्या हार्ड डिस्कवर मिळून २.४ टेराबाइट डेटा, साधारण ३ लाख १० हजार फायली. पंधरा वर्षांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं. नेट २०० एमबीपीएसचं. गूगल ड्राइव्हवर ५ टेराबाइट जागा घेतली, ब्राउझरमध्ये फोल्डर ओढून टाकले, तीन आठवड्यांत चार वेळा प्रयत्न केला. दर वेळी कुठेतरी अडकतं आणि आता वर काय पोचलंय, काय राहिलंय हेही कळत नाही. ‘हिशेबाने साडेतीन तासांत व्हायला हवं होतं, मग हे जलद कसं करू?’

लोकांचा डेटा इकडून तिकडे हलवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यामुळे तुमच्या शेवटच्या वाक्याआधी त्याच्या अगोदरचं वाक्य धरतो. वर काय पोचलंय हे कळत नाही, खरं दुखणं हे आहे. वेग थोडाफार वाढवता येईल, पण आठवडाभर चालणारं काम मधे तुटणारच असं धरून चालायचं असतं. तुटल्यावर ते जिथे होतं तिथून पुढे सुरू झालं पाहिजे आणि शेवटी सगळं पोचल्याचा पुरावा हातात आला पाहिजे. ब्राउझर यातलं काहीच देत नाही. टॅब मिटला, लॅपटॉप झोपला, लॉगिनची मुदत संपली, की चाललेलं काम गेलं.

आधी साडेतीन तासांचा हिशेब. २०० हा आकडा मेगाबिटचा आहे आणि तुमच्या फायली मेगाबाइटमध्ये मोजल्या जातात, म्हणजे आठाने भागायचं राहिलं. शिवाय २०० हे डाउनलोड आहे. तुम्ही दिलेल्या स्पीड टेस्टमध्ये अपलोड ४० दिसतंय. तेही काही सेकंदांच्या चाचणीत. दिवसरात्र चालवल्यावर त्यातलं ८० टक्के, म्हणजे ३२ मेगाबिट, पदरात पडलं तरी ठीक म्हणायचं. म्हणजे सेकंदाला ४ मेगाबाइट. २.४ टेराबाइटला ६ लाख सेकंद लागतात, जवळजवळ पुरे सात दिवस. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, या आकड्याच्या फार खाली जाता येणार नाही. ओळखीच्या कुणाकडे एक गिगाबिटची दोन्ही बाजूंना सारखी लाइन असेल तर डिस्क उचलून तिथे नेणं हा सगळ्यात मोठा वेग आहे आणि यात हसण्यासारखं काही नाही. २०१६ साली ॲमेझॉनने मोठ्या ग्राहकांचा डेटा नेण्यासाठी १०० पेटाबाइट मावणारा अख्खा कंटेनर ट्रकच आणला होता. मात्र गूगल ड्राइव्हवर एका खात्यातून दिवसाला ७५० जीबीच चढवता येतात. एक गिगाबिटच्या लाइनवर ही मर्यादा एक तास चाळीस मिनिटांत गाठली जाते आणि मग चोवीस तास वाट पाहावी लागते. तुमच्या घरच्या लाइनवरून दिवसाला ४३० जीबीच्या वर जाणं शक्यच नाही, त्यामुळे तुम्हाला तिची चिंता नाही. महिन्याला ठरावीक डेटा झाल्यावर वेग उतरतो का, एवढं मात्र नेट कंपनीला आधी विचारून घ्या.

दुसरा हिशेब लोक करतच नाहीत. ड्राइव्हवर नव्या फायली तयार होण्याचा वेग सेकंदाला साधारण दोन एवढाच मिळतो, फाइल ४ केबीची असो की ४ एमबीची. ३ लाख १० हजार फायली म्हणजे नुसत्या या कारणाने ४३ तास. तुमचा अपलोड ‘अडकलाय’ असं जे वाटत होतं ना, त्यातला बराचसा वेळ तो अडकलेला नसावा. बारक्या फायलींच्या एखाद्या फोल्डरमध्ये शिरून तो मुंगीच्या पावलाने चालला असणार. नेटचा आलेख खाली बसलेला, टक्का हलत नाही, आणि माणूस वैतागून पान रिफ्रेश करतो. तिथेच घात होतो.

म्हणून पहिले दोन दिवस काहीही चढवू नका. डिस्क उघडून आत काय आहे ते बघा. विंडोजवर विन-डर-स्टॅट, लिनक्सवर एन-सी-डी-यू अशी साधनं आहेत, कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्लीय ते चित्रासारखं दिसतं. फक्त जागेवर जाऊ नका, फायलींच्या संख्येने क्रम लावून बघा. फोटो सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने केलेले प्रीव्ह्यू, ब्राउझरची कॅश, जुन्या फोनच्या बॅकअपमधले थंबनेल, प्रोग्रॅमिंग करत असाल तर नोड-मॉड्यूल्सचं जंगल. यातलं काहीही वर जायची गरज नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती डिस्कवर निम्म्याहून जास्त फायली अशा निघतात, पण जागा त्यांनी चिमूटभर घेतलेली असते. त्यामुळे जागा बघणाऱ्याला त्या दिसतच नाहीत.

तीन डिस्क आहेत म्हणजे एकाच फोटोच्या दोन-तीन प्रती असणार हेही नक्की. ‘आधी इथे कॉपी करून ठेवू, मग बघू’ हे सगळेच करतात. नक्कल शोधताना नावावर विसंबू नका, आतला मजकूर जुळवणारं साधन वापरा, जसं जे-ड्यूप्स. आणि सापडलेल्या नकला लगेच उडवू नका, यादी करून त्या फक्त चढवण्यातून वगळा. कॅमेऱ्याची रॉ फाइल (सेन्सरचा मूळ, प्रक्रिया न केलेला डेटा) आणि तिची जेपेग ही नक्कल नव्हे, हे सांगावं लागतं कारण एकाने तसं करून आपल्या सगळ्या रॉ फायली घालवल्या होत्या.

झिप करून आकार कमी होईल का, असंही पुढे विचारलंय. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यामुळे फारसं काही हाती लागणार नाही. पण गठ्ठा बांधण्याचा फायदा आहे, तो संख्येमुळे. जुन्या नोकरीतल्या प्रकल्पांचे फोल्डर, चॅटचे बॅकअप, ज्यांच्यात हजारो बारीक फायली आहेत आणि ज्यांच्याकडे तुम्ही वर्षात एकदाही बघत नाही, त्यांचे वर्षवार गठ्ठे करा. साधा टार, म्हणजे फायली नुसत्या एकत्र बांधणारा प्रकार, चालेल, दाबायची गरज नाही. एक गठ्ठा ५ ते २० जीबीच्या आत ठेवा आणि शेजारी आतल्या फायलींच्या नावांची मजकूर फाइल ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी एक पावती शोधायला वीस जीबी खाली उतरवावे लागतील. फोटोंचे गठ्ठे मात्र बांधू नका, ते तुम्हाला वरच्या वर बघायचे असतात.

आता साधन. गूगलचं स्वतःचं डेस्कटॉप ॲप रोजच्या वापराला उत्तम आहे, पण पहिल्या मोठ्या भरणीला मी ते टाळतो. बाहेरच्या डिस्कवरून त्याच्या ड्राइव्हमध्ये काही टाकलं की ते आधी संगणकाच्या आतल्या डिस्कवर कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, उतरतं आणि मग वर जातं. २५६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये २.४ टेराबाइट ओतल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मी आरक्लोन वापरतो, क्लाउडवर फायली नेणारा-आणणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, ॲमेझॉनचं एस-थ्री सगळ्यांशी बोलतो, आणि काळ्या पडद्यावर आज्ञा लिहाव्या लागतात म्हणून लोक त्याला घाबरतात. घाबरू नका, चारच आज्ञा लागतात. जोडणी करताना गूगलच्या डेव्हलपर कन्सोलमधून स्वतःचा क्लायंट आयडी (गूगलला प्रोग्रॅमची ओळख पटवणारा क्रमांक) काढून द्या. न दिल्यास आरक्लोनचा सामाईक आयडी वापरला जातो, जगभरचे लोक त्याच रांगेत उभे असतात आणि तुम्हीही त्यात उभे राहता.

मुख्य आज्ञा ‘कॉपी’. ती दोन्हीकडची यादी बघते, वर जे नाही किंवा वेगळं आहे तेवढंच चढवते. तुटलं तर तीच आज्ञा जशीच्या तशी परत चालवायची. पोचलेल्या फायली ती ओलांडून जाते. या एका गुणासाठी मी बाकी सगळे तोटे सोसतो.

तिच्याच शेजारी ‘सिंक’ नावाची आज्ञा आहे, तिच्यापासून लांब राहा. सिंक म्हणजे वरचं सगळं खालच्यासारखं करणं, म्हणजेच खाली जे नाही ते वरून पुसणं. मी स्वतः यात पोळलोय. रात्री आपोआप चालणारं सिंक लावलं होतं. एका रात्री बाहेरची डिस्क जोडलीच गेली नाही आणि ती जिथे जोडली जायची तो फोल्डर रिकामा राहिला. सिंकने इमानदारीत बघितलं: खाली शून्य फायली, वर लाखभर. सकाळी वरही शून्य. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पुसलेलं ३० दिवस राहतं म्हणून वाचलो, तरी सगळं जागच्या जागी लावायला दोन दिवस गेले. तेव्हापासून कुठलीही नवी आज्ञा मी आधी ‘ड्राय रन’ लावून चालवतो. काय होणार होतं ते सांगतं, करत काही नाही.

एका वेळी किती फायली चढवायच्या ते ‘ट्रान्स्फर्स’ने ठरतं, मुळात ते ४ असतं. मोठे व्हिडिओ असतील तर चारही खूप झाले, कारण तुमची ४० मेगाबिटची नळी दोन फायलींतच भरते. बारीक फायलींच्या फोल्डरला ८ करून बघा. ३२ वगैरे करू नका. फिरत्या तबकडीच्या डिस्कचं वाचणारं डोकं ३२ ठिकाणी धावत सुटतं आणि उलट वेग पडतो, वर ड्राइव्हही ‘जरा दमानं’ म्हणून विनंत्या नाकारायला लागतो. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी वर जाते, त्या तुकड्याचा आकार मात्र वाढवण्यासारखा आहे. ड्राइव्हसाठी तो मुळात ८ एमबी असतो, ६४ केला की मोठ्या फायलींत फरक दिसतो. तो प्रत्येक चालू फाइलसाठी मेमरीत धरला जातो, म्हणजे ४ फायली गुणिले ६४, २५६ एमबी. जुना लॅपटॉप असेल तर हे लक्षात असू द्या.

वेगाला लगाम घालणं विचित्र वाटेल, पण घालाच. अपलोडची लाइन काठोकाठ भरली की तुमच्या डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात, आणि घरातले बाकीचे ‘नेट बंद पडलंय’ म्हणून राउटर बंद-चालू करतात. मग अपलोड तुटतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की माझ्या मते अर्धवट अपलोडचं हे पहिल्या तीनातलं कारण आहे. आरक्लोनमध्ये वेळापत्रकच देता येतं: दिवसा इतकं, रात्री अकरानंतर मोकळं. एक फसगत मात्र इथे हमखास होते. तिथला आकडा बाइटमध्ये असतो, बिटमध्ये नाही. ३२ मेगाबिट हवेत म्हणून कुणी ‘३२ एम’ लिहितं, ते होतात सेकंदाला ३२ मेगाबाइट, तुमच्या लाइनच्या सहापटीहून जास्त, आणि लगाम लागतच नाही. तुम्ही ‘४ एम’ लिहा.

वायफाय नको, केबल लावा. संगणक झोपू नये अशी सेटिंग करा, यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंगही बंद करा, आणि विंडोज असेल तर अपडेट आठवडाभर पुढे ढकला. रात्री तीन वाजता आपणहून रीस्टार्ट होणाऱ्या संगणकाला आरक्लोन तरी काय करणार!

आरक्लोनचा एक दोष सांगून ठेवतो, कारण कौतुक करणारे तो सांगत नाहीत. चाललेल्या कामात एखादा तुकडा चुकला तर तो परत पाठवतो, पण आज्ञाच बंद पडली तर अर्धी चढलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ४ एमबीच्या फोटोला याने काही फरक पडत नाही. तुमच्याकडे लग्नाचा सलग चित्रित केलेला ९० जीबीचा व्हिडिओ आहे म्हणता, त्याला सव्वासहा तास लागतील आणि सहाव्या तासाला वीज गेली तर सहाही तास पाण्यात. असे राक्षस वेगळे काढा, त्यांचे पाच-पाच जीबीचे तुकडे करून चढवा किंवा तुम्ही घरी असाल अशा दिवशी एकेक करून सोडा.

फक्त बॅकअप हवा असेल, ब्राउझरमधून फोटो बघायचे नसतील, तर रेस्टिक किंवा कोपिया हा जास्त चांगला मार्ग आहे. ही साधनं सगळ्या डेटाचे तुकडे करून, सारखे तुकडे एकदाच ठेवून, कुलूपबंद करून ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यांत वर पाठवतात. फायलींची संख्या, नकला, मधेच तुटणं, तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. किंमत ही की वर गेलेलं त्या साधनाशिवाय कुणालाच वाचता येत नाही, आणि पासवर्ड हरवला तर तुम्हालाही नाही. तुमच्या घरात फोटो बघणारी माणसं अनेक आहेत असं दिसतं, म्हणून तुम्हाला मी फोटोंसाठी साधी कॉपी आणि कागदपत्रांसाठी कुलूपबंद प्रत असा मेळ सुचवेन. कुलूपबंद करून चढवण्यासाठी आरक्लोनमध्येच ‘क्रिप्ट’ म्हणून सोय आहे. तिचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. आरक्लोनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो नुसता झाकलेला असतो, कुलपात नसतो, त्यामुळे ती फाइल कुणाला पाठवू नका.

क्रम ठरवताना जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. कुटुंबाचे फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं पहिल्या रात्री. उतरवलेले सिनेमे शेवटी, किंवा नकोच. सातव्या दिवशी एखादी डिस्क मान टाकेल तेव्हा ती कुठल्या फायली देऊन मेली याला महत्त्व येतं. जुनी डिस्क सलग आठवडाभर वाचत राहणं हा तिच्यावरचा मोठा ताण असतो, म्हणून आधी तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघा. खराब सेक्टर वाढत असतील तर अपलोड बाजूला ठेवून आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या.

आधीच्या चार प्रयत्नांतलं जे वर पडलंय त्याचं काय? ड्राइव्हवर एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर, दोन फायली राहू शकतात, त्यामुळे तिथे आत्ता बरीच खिचडी असणार. आरक्लोनची ‘डीड्यूप’ आज्ञा ती निस्तरते, पण मी तुमच्या जागी असतो तर निस्तरत बसलो नसतो. ५ टेराबाइट जागा आहे. नवा फोल्डर करा, सगळं त्यात नव्याने चढवा, पडताळणी झाली की जुनं उडवा. त्या गुंत्यात तुमचे दोन शनिवार-रविवार जातील, नव्याने चढवताना संगणकाचा आठवडा जाईल. संगणकाचा वेळ स्वस्त आहे.

पडताळणीची आज्ञा ‘चेक’. ड्राइव्ह प्रत्येक फाइलचा एमडी-५ ठसा (आतल्या मजकुरावरून काढलेली छोटी खूण) स्वतःकडे ठेवतं, चेक तुमच्या डिस्कवरची फाइल वाचून तोच ठसा काढतं आणि जुळवतं. फाइल खाली उतरवावी लागत नाही, फक्त डिस्क पुन्हा एकदा पूर्ण वाचली जाते. क्रिप्टमधल्या फायलींसाठी ‘क्रिप्टचेक’ ही वेगळी आज्ञा आहे. एकत्रित अहवाल मागितलात तर प्रत्येक नावाआधी एक चिन्ह येतं: बरोबरचं चिन्ह (=) म्हणजे जुळलं, अधिक म्हणजे खाली आहे पण वर नाही, उणे म्हणजे वर आहे पण खाली नाही, तारा (*) म्हणजे दोन्हीकडे आहे पण वेगळं, उद्गारचिन्ह म्हणजे वाचताच आलं नाही. बरोबरवाल्या ओळी गाळा, उरलेली यादी हाच तुमच्या ‘काय राहिलंय’चा जबाब. ही यादी सांभाळून ठेवा.

ठसा जुळला म्हणजे फाइल धड आहे असं नव्हे. डिस्कवरच अर्धी कुजलेली फाइल अर्धी कुजलेलीच वर जाते, इमानेइतबारे. म्हणून वेगवेगळ्या वर्षांचे वीस-पंचवीस फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ दुसऱ्याच संगणकावर उतरवून उघडून बघा. व्हिडिओ शेवटापर्यंत सरकवून बघा, सुरुवात बहुतेक वेळा चालते. तोवर डिस्क फॉरमॅट करू नका, नंतरही एक तरी डिस्क कपाटात राहू द्या. क्लाउड खातं बंद पडण्याची, चुकून पुसलं जाण्याची कारणं कमी नाहीत.

पहिल्या फेरीत चुका शून्य येणार नाहीत. दुसऱ्या फेरीत त्यातल्या बऱ्याच नाहीशा होतील. तिसऱ्या फेरीनंतरही त्याच फायली हटून बसल्या असतील तर त्यांची नावं बघा. क्रिप्टमध्ये नाव १४३ बाइटच्या पुढे गेलं की अडचण येऊ शकते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्राही वेगळी चिन्हं धरून, म्हणजे ४७ चिन्हांतच कोटा संपतो. ‘आजीच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाचे निवडक फोटो अंतिम’ एवढ्यानेच तो संपतो. वनड्राइव्हवर जाणार असाल तर नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालत नाही. आणि मराठी नावांचा एक खास घोळ आहे: ‘किनाऱ्यावर’मधला ऱ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि साधा र अधिक खाली नुक्ता (टिंब) असाही. मॅकची जुनी फाइल व्यवस्था दुसऱ्या पद्धतीने लिहायची. डोळ्याला दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. तुमची एक डिस्क मॅकवर भरलेली आहे असं लिहिलंय, तेव्हा वर ‘दुसऱ्या सहलीचे फोटो’ नावाचे दोन फोल्डर दिसले आणि दोन्हींत अर्धे अर्धे फोटो सापडले तर कुणी काही चोरलेलं नाही. एकातले दुसऱ्यात हलवा, नाव नव्याने टाइप करा आणि चेक परत चालवा.